झिरकपूरला अडकलेला मुकुट

"अगं, बाकी काहीही कर, पण या गावात कुणाला पत्ता विचारू नकोस," असं वंदनाताईंनी मला बजावलं होतं.

वंदनाताईंचे यजमान हवाई दलात. तीन वर्षं इथं काढून त्या बदलीच्या गावी निघाल्या, तेव्हा मला एक मोठा कुकर, एक तुळशीची कुंडी आणि हा सल्ला देऊन गेल्या. कुकर मी वापरला, तुळस जगवली आणि सल्ल्याला हसले. फार तर काय, चुकीचा पत्ता सांगतील, एवढंच ना? तर त्या म्हणाल्या, "चुकीचा नाही गं. इथली माणसं पत्ता सांगतच नाहीत, नेऊन सोडतात." सामानाच्या खोक्यांवर चिकटपट्टी मारायच्या गडबडीत त्यातला गंभीर भाग माझ्या लक्षात आला नाही.

आम्हाला चंदीगडला येऊन तेव्हा आठ महिने झाले होते. माझा नवरा प्रसन्न सेक्टर ३९ मधल्या एका सरकारी संशोधन संस्थेत शास्त्रज्ञ आहे. तो जिवाणू पाळतो. त्या जिवाणूंना दर चार तासांनी कुणीतरी बघावं लागतं, आणि ते कुणीतरी बहुतेक वेळा तोच असतो. मी आणि आमची चौदा महिन्यांची स्वराली शेजारच्या ३८ मध्ये, एका घराच्या वरच्या मजल्यावर. आठ महिन्यांत माझं चंदीगड म्हणजे समोरचा पार्क, कोपऱ्यावरचं वाण्याचं दुकान, मुलांचे डॉक्टर आणि प्रसन्नच्या संस्थेचं फाटक. फाटकाच्या आतलं नाही, नुसतं फाटक.

याला कारण होतं. स्वरालीला घेऊन बाहेर पडायचं म्हणजे माझी एक पिशवी लागते. तीत दोन थर्मामीटर असतात. एक ताप बघायला आणि एक, पहिला बरोबर दाखवतोय ना हे बघायला. पिशवी भरेपर्यंत तिची झोपायची वेळ होते. शिवाय हे शहर वहीच्या चौकटींसारखं आखलेलं. सगळे चौक गोल, सगळ्यांत फुलं, सगळी घरं सख्ख्या बहिणींसारखी. एकदा मी भाजी घेऊन परतले, फाटक उघडलं, बाबागाडी पायरीशी लावली आणि आत गेले. तिथल्या बाईंनी बसवून चहा दिला, तेव्हा मला कळलं की हा आमचा सेक्टरच नव्हे. चहा पूर्ण पिऊन आले, कारण अर्धा टाकणं बरं दिसलं नसतं. प्रसन्नला हे मी सांगितलेलं नाही. आता वाचेल.

मिरजेला सासूबाईंना मात्र मी फोनवर सांगायची, "आई, अख्खं चंदीगड पालथं घातलंय."

तर अशात संक्रांत आली आणि स्वरालीच्या बोरन्हाणाचा विषय निघाला. आईंचं म्हणणं, मिरजेला या, इथं माणसं आहेत, बोरं आहेत, सगळं होईल. मी म्हटलं, नाही, चंदीगडला करू. यात थोडा हट्ट होता, मान्य आहे. बारसं मिरजेला झालं, उष्टावण मिरजेला झालं, पहिला वाढदिवस मिरजेला झाला. तिन्ही वेळा मी साडी नेसून एका कोपऱ्यात उभी होते आणि कुणीतरी मला सांगत होतं, आता तू ओवाळ, आता बाजूला हो. लेकीची एक तरी गोष्ट माझ्या घरात, मी ठरवीन तशी व्हावी, असं मला फार वाटत होतं.

 तिसऱ्या दिवशी आईंचा फोन आला, "बरं, तिकडे कर. हलव्याचे दागिने मी घरी करून पाठवते." विकतचे नाहीत. शेगडीपाशी बसून, खसखशीवर चमचा चमचा पाक सोडत, बोटांनी हलवत. अकरा दिवस. हलव्याला काटा येईपर्यंत बोटांना चटके बसतात, आणि आईंना सत्तरीला चार वर्षं कमी. मुकुट, हार, बाजूबंद, कंबरपट्टा, वाळे, कानातली. बाबांनी, म्हणजे सासऱ्यांनी, ते पाच थरांत बांधलं आणि कुरिअरनं पाठवलं.

बुधवारी दुपारी माझ्या फोनवर संदेश आला की पार्सल पोचतं झालं. आमची पार्सलं नेहमी खाली घरमालकांकडे ठेवली जातात, म्हणून मी निवांत होते. तेवढ्यात आईंचा फोन. मिळालं का? मी म्हटलं, "मिळालं ना. काय सुरेख झालेत! मुकुट तर बघतच राहावा."

मग मी खाली गेले. खाली पार्सल नव्हतं.

आमचे घरमालक सोढीअंकल शहराच्या बागकाम खात्यातून निवृत्त झालेले. वय पंचाहत्तर. आंटी दोन वर्षांपूर्वी गेल्या, मुलगा कॅनडात. आठ महिन्यांत मी अंकलना एकाच ठिकाणी पाहिलेलं होतं, व्हरांड्यातल्या वेताच्या खुर्चीत, वर्तमानपत्रामागे. कसे आहात विचारलं की "बढ़िया, पुत्तर" म्हणायचे आणि पान उलटायचे. अंगणात त्यांची जुनी मारुती कापडाखाली झाकलेली असायची. ती हललेली मी कधी पाहिली नव्हती.

कुरिअरवाल्यांना फोन लावला. अर्धा तास सतार ऐकल्यावर एका मुलीनं सांगितलं की पार्सल पोचतं झालंय, ते इंडस्ट्रियल एरियातल्या आमच्याच कार्यालयात पोचतं झालंय, आणि तुम्ही स्वतः ओळखपत्र घेऊन या. रविवारी बोरन्हाण. रविवारी अकरा वाजता मिरज, पुणे आणि बंगळूरहून सत्तावीस नातेवाईक व्हिडिओवर येणार. आणि मुकुट तर माझा बघून झाला होता.

बातमी आमच्या गल्लीत पसरायला सतारीपेक्षा कमी वेळ लागला. समोरच्या कोहलीआंटींनी आधी मुलीला त्या दिवशी काळा फ्रॉक घालणार हे ऐकून कानाला हात लावले, मग संक्रांतीला आमच्यात काळंच घालतात हे पटवून घेतलं, आणि बाहेर पडायचं असेल तर तीन टोप्या घाल म्हणाल्या. मागच्या घरातले विजयकुमारजी हिशेब खात्यातून निवृत्त झालेत. त्यांचा प्रत्येक संकटावर एकच उपाय, लेखी द्या. त्यांनी तिथंच बसून 'सेवा में' पासून सुरू होणारा दीड पानी अर्ज लिहिला, तीन प्रतींत, आणि माझी सही घेतली. प्रसन्ननं संध्याकाळी अर्ज वाचून एवढंच विचारलं की पार्सलचा नंबर यात कुठे आहे. तो नव्हता.

गुरुवारी सकाळी प्रसन्न जिवाणूंकडे गेला. बाहेर दाट धुकं. फोनवरचा नकाशा इंडस्ट्रियल एरियात शिरल्यावर नुसता गोल गोल फिरत होता. मी स्वरालीला तीन टोप्यांसकट कडेवर घेऊन खाली उतरले आणि, वंदनाताई मला माफ करोत, सोढीअंकलना विचारलं, "अंकलजी, इंडस्ट्रियल एरिया, फेज टूला कुठून जायचं?"

अंकलनी वर्तमानपत्र घडी घालून खुर्चीवर ठेवलं. आत गेले. दहा मिनिटांनी बाहेर आले ते मरून रंगाची पगडी, कोट आणि हातात गाडीची किल्ली.

मी खूप सांगून पाहिलं. रिक्षा मिळेल, तुम्हाला त्रास, थंडी आहे. त्यांनी गाडीवरचं कापड ओढलं. त्याखालून दोन वर्षांची पानं, एक मांजर आणि मारुती निघाली. गाडी चालू होईना. कोहलीआंटींचा मुलगा, विजयकुमारजी आणि दूधवाला यांनी ढकलली. विजयकुमारजी ढकलता ढकलता म्हणाले, अर्ज घेतलाय ना?

अंकल ताशी पंचविसाच्या वर जात नाहीत, हे माझ्या स्वभावाला फार मानवलं. पण ते पाट्या बघत नाहीत. सेक्टरचा नंबर, रस्त्याचं नाव, काही नाही. ते झाडं बघतात. बहाव्यांची रांग संपली की डावीकडे. चार सिल्व्हर ओक आले की उजवीकडे. धुक्यात मला बॉनेट दिसत नव्हतं आणि हे काच खाली करून म्हणत होते, हा अर्जुन आहे, नव्वद साली लावलाय, म्हणजे आपण बरोबर आहोत. प्रत्येक गोल चौकाला दोन फेऱ्या. एक रस्त्यासाठी, एक फुलं कशी ठेवलीत ते बघण्यासाठी. एका चौकातल्या झेंडूंवर ते इतके नाराज झाले की आम्ही तिसरी फेरी घेतली.

आणि खरं सांगते, त्या तासाभरात मला हे शहर पहिल्यांदा दिसलं. सगळे रस्ते एकसारखे नव्हतेच. एकावर बकुळ होती, एकावर कुसुम, एकावर जांभळं. आठ महिने मी नंबर वाचत होते. वर बघितलंच नव्हतं.

इंडस्ट्रियल एरियात कार्यालय सापडायच्या आधी अंकलना एक कारखाना सापडला. तिथं पार्कातल्या घसरगुंड्या बनतात. आमच्या समोरच्या पार्कातली तिथलीच. मालक अंकलना पाहून वेल्डिंग थांबवून धावत आला, चहा मागवला, आणि रंग नुकताच वाळलेल्या एका पिवळ्या घसरगुंडीवर स्वरालीला बसवायची परवानगी मागितली. मी कडा तपासल्या, खिळे तपासले, उंची विचारली. स्वराली सात वेळा घसरली. मालक म्हणाला, इतकी तपासणी तर खात्यानं पण कधी केली नाही. हे मी कौतुक म्हणून घेतलं.

कुरिअरच्या कार्यालयात मात्र घसरगुंडी नव्हती. काउंटरवरच्या माणसानं संगणकात बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, मग उभा राहून बघितलं. पार्सल मौल्यवान वस्तूंत गेलेलं होतं, ते झिरकपूरच्या गोदामात, कुलुपात. का? त्यानं पडदा माझ्याकडे वळवला.

आमचे सासरे मिरजेच्या कोर्टात बत्तीस वर्षं कारकून होते. कागदावर खोटा शब्द लिहिला तर हात झडेल असं मानणारा माणूस. 'आत काय आहे' या रकान्यात त्यांनी सुंदर इंग्रजी अक्षरात लिहिलं होतं, दागिने, लहान मुलीचे, एक संच. आणि किमतीच्या रकान्यात, अमूल्य.

मी म्हटलं, अहो, ते साखरेचे आहेत. तो म्हणाला, मॅडम, कंपनीत साखरेसाठी वेगळा रकाना आहे. अर्जाची एक प्रत मात्र त्यानं घेतली, शिक्का मारला आणि पोच दिली. विजयकुमारजींना मी मनातल्या मनात नमस्कार केला. आयुष्यात प्रथमच मला एका गोष्टीची लेखी पोच मिळाली होती, फक्त ती गोष्ट मिळाली नव्हती.

झिरकपूर. अंकल म्हणाले, दहा मिनिटं. त्यांच्या आठवणीत झिरकपूर म्हणजे एक फाटा, दोन ढाबे आणि शेतं. चंदीगडची हद्द संपली आणि समोर इमारतीच इमारती उभ्या राहिल्या, आणि त्यांच्या पायाशी न हलणाऱ्या गाड्या. अंकलनी काच खाली करून इकडेतिकडे पाहिलं. एकही झाड त्यांनी लावलेलं नव्हतं.

तिथं मला कळलं की आम्ही हरवलोय. त्याच उड्डाणपुलाखालून आम्ही तिसऱ्यांदा जात होतो. मी म्हटलं, कुणाला तरी विचारू या. त्यांनी नको म्हणून मान हलवली. रस्तोरस्ती झाडं लावण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला दुसऱ्याला पत्ता विचारणं किती जड जातं ते मी पाहिलं.  थोड्या वेळानं ते हळूच म्हणाले, "सुरजीत होती तो वो पूछ लेती थी." सुरजीत म्हणजे आंटी. ती बरोबर असली की तीच विचारायची.

मग मीच काच खाली केली आणि एका स्कूटरवाल्याला विचारलं.

त्यानं स्कूटर वळवली आणि म्हणाला, माझ्या मागे या. पुढच्या वळणावर त्याला शंका आली म्हणून त्यानं एका टेम्पोवाल्याला विचारलं. टेम्पोही निघाला. टेम्पोवाल्याचा भाऊ गोदामांच्या भागात दुकान चालवायचा, तो मोटरसायकल घेऊन आला. पुढे स्कूटर, मग मोटरसायकल, मग आम्ही, मागे पलंग आणि गाद्या भरलेला टेम्पो. रस्त्यावरच्या एका बाईनं टेम्पोतला पलंग बघून हात जोडून आशीर्वाद दिला. अशी आमची वरात गोदामाच्या दारात पोचली. पहारेकऱ्यानं आपलं आपणच मोठं फाटक उघडलं.

गोदामाच्या व्यवस्थापक बाई कडक होत्या, पण सभ्य होत्या. पार्सल टेबलावर ठेवलं. बाबांची गाठ, बाबांचं अक्षर. हात लावायचा नाही. सोन्यामोत्याचं सामान असेल तर बिल हवं, नाहीतर पाठवणाऱ्याचा जबाब हवा, आता, फोनवर, त्यांच्यासमोर. अर्जाची दुसरी प्रत त्यांनीही घेतली.

बिल नव्हतं. राहिला जबाब. म्हणजे मिरजेला फोन करायचा आणि सांगायचं की जे मी बघतच राहिले होते ते मी पाहिलेलंच नाही. अख्खं चंदीगड पालथं घातलेली सून एक पार्सल आणू शकली नाही. मला रडू यायला लागलं. अंकल छताकडे बघू लागले. स्कूटरवाला अजून गेला नव्हता, तोही छताकडे बघू लागला.

मी फोन लावला. आईंनी उचलला. मी एका दमात सगळं सांगून टाकलं.

 आई म्हणाल्या, "अगं, मला माहीत आहे. मंगळवारीच त्यांचा फोन आला होता, बिल पाठवा म्हणून. मी ह्यांना म्हटलं, थांबा, बुधवारी तिला विचारते. तर तू म्हणालीस मिळालं, फार सुरेख. मग मी कशाला बोलू? तुला वाटलं असतं, सासू तपासणी करते."

"म्हणजे तुम्ही दोन दिवस..."

"दुसरा संच करायला घेतलाय. उरलेल्या हलव्यातून हार झालाय. उद्या एक ओळखीचा मुलगा विमानानं दिल्लीला निघालाय."

 त्यांची ती बोटं, आणि परत शेगडी. मी म्हटलं, आई, शेगडी बंद करा आधी.

मग त्यांनी फोन स्पीकरवर ठेवायला सांगितला. तीस वर्षं शाळेत शिकवल्याचा आवाज लावला आणि व्यवस्थापक बाईंना आपल्या हिंदीत म्हणाल्या, "देखो बाई, वो शक्कर का है. मैंने किया है. चाट के देखो."

नियमात चाटणं बसत नव्हतं. पण उघडणं बसलं. कॅमेऱ्यासमोर पाच थर निघाले आणि आत तो मुकुट, पांढराशुभ्र, प्रत्येक दाण्याला काटा. व्यवस्थापक बाई वाकून बघत राहिल्या. म्हणाल्या, हे मोतीच आहेत. त्यांच्या मागे तिघं उभे होते, त्यांचंही तेच मत पडलं. पुन्हा बिलावर गाडी येणार, एवढ्यात माझ्या कडेवरच्या स्वरालीनं, जिचे हात तीन स्वेटरांमुळे खाली येत नव्हते म्हणून मी बेसावध होते, वाकून एक कानातलं उचललं आणि तोंडात घातलं.

करकर असा आवाज आला. सगळ्यांनी ऐकला.

मी आधी तोंडात बोट घालून दोरा काढला, मग पुठ्ठा काढला, मग दोन्ही थर्मामीटर काढले, ज्यांचा काही उपयोग नव्हता. स्वरालीनं दुसऱ्या कानातल्याकडे हात पसरला. व्यवस्थापक बाईंनी एक सुटा दाणा जिभेवर ठेवला, मग नोंदवहीत 'मौल्यवान' खोडलं आणि सही केली.

रविवारी बोरन्हाण झालं. बोरं मोठी मिळाली, म्हणून अंकलनी ती डोक्यावर टाकू न देता एकेक हातात द्यायला लावली. चुरमुऱ्यांऐवजी इथल्या लोहडीच्या सणाचे मक्याचे फुल्ले, म्हणजे लाह्या, शेंगा, रेवड्या. गल्लीतली सगळी मुलं वेचायला. काळ्या फ्रॉकवर कोहलीआंटी इतक्या खूष झाल्या की त्यांनी आपल्या नातीला तसाच शिवायला टाकला. कुठे काय ठेवायचं, कुणी आधी टाकायचं, सगळं मी ठरवलं, आणि सगळं चुकलं, आणि कुणीही मला बाजूला हो म्हणालं नाही. सत्तावीस नातेवाइकांतल्या एकांनी विचारलं, मुलीच्या एका कानात काही नाही का? आई तिकडून म्हणाल्या, "हल्ली तशीच पद्धत आहे."

सोमवारी सकाळी खालून हाक आली. अंकल पगडी बांधून गाडीपाशी. आज कुठे? मग आम्ही जातच राहिलो. धान्यबाजार, जुन्या पुस्तकांची गल्ली, एक विहीर जी नकाशात नाही. मार्चमध्ये प्रसन्नच्या संस्थेचं फाटक ओलांडून आतही गेलो. त्याचे जिवाणू पाहिले. काही दिसलं नाही.

आता मी हे मिरजेहून लिहितेय. मी आणि स्वराली सव्वा महिना इथं आहोत, आईंच्या बोटांना विश्रांती म्हणून कुरडया मी घालतेय आणि त्या मला, आता बाजूला हो, असं अजून एकदाही म्हणालेल्या नाहीत. प्रसन्न प्रशिक्षणासाठी हैदराबादला. म्हणजे वरचा मजला रिकामा. कोहलीआंटी मुलीकडे गेल्यात. अंकलना फोन केला की "बढ़िया, पुत्तर" म्हणतात आणि मागे पान उलटल्याचा आवाज येतो. काल मी विचारलं, गाडी? म्हणाले, धूळ फार आहे, झाकून ठेवलीय.

तेव्हा तुमच्यापैकी कुणी त्या बाजूला असाल तर एवढं करा. सेक्टर ३८, पार्कसमोर, दारात तुळशीची कुंडी आहे, व्हरांड्यात वेताची खुर्ची. आत जा. कसे आहात असं मात्र विचारू नका, त्याचं उत्तर मला ठाऊक आहे. पत्ता विचारा. कुठलाही चालेल, फक्त जवळचा नको. आणि घरी सांगून निघा, यायला संध्याकाळ होईल.